जानेवारीत जन्मलेले ‘गुणी’

कॅनडातल्या मराठी पालकांकडून एक गोष्ट इतक्यांदा ऐकली आहे की आता वैताग येतो: आठव्या-नवव्या वर्षी वरच्या संघात निवड झाली नाही, तर आइस हॉकीचं नाव सोडा, हा खेळ रक्तातच असावा लागतो.

रक्ताचं राहू द्या, आधी जन्मतारीख बघा. 1980च्या दशकात लेथब्रिज ब्रॉन्कोज या ज्युनियर संघाचा सामना बघायला गेलेल्या पॉला बार्न्स्ली माहितीपत्रक चाळता चाळता चक्रावल्या. खेळाडूंच्या जन्मतारखांत जानेवारी, फेब्रुवारी, मार्चचीच गर्दी! त्यांचे पती रॉजर मानसशास्त्रज्ञ. दोघांनी एका सहकाऱ्यासह केलेला त्यावरचा अभ्यास 1985 साली प्रसिद्ध झाला. कारण अगदी साधं आहे. वयोगट 1 जानेवारीपासून मोजतात, म्हणजे एकाच गटातलं जानेवारीचं पोर डिसेंबरच्या पोरापेक्षा जवळजवळ वर्षाने थोराड. ते निवडलं जातं, मग बर्फावर जास्त वेळ आणि चांगला प्रशिक्षकही त्यालाच मिळतो. दोन वर्षांनी आपणच म्हणतो, बघा, उपजत गुण!

पटत नसेल तर रॉबर्ट डीनर आणि सहकाऱ्यांचा 2013चा ‘प्लॉस वन’मधला अभ्यास वाचा. एनएचएल या व्यावसायिक लीगच्या निवडीत (ड्राफ्टमध्ये) वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेले खेळाडू मागे पडले होते, पण निवडले गेल्यावर त्यांनी अपेक्षेपेक्षा सरस कामगिरी केली. आता कोणी तरी हॉकीतला दिग्गज ग्रेट्झ्की याची जन्मतारीख, 26 जानेवारी, काढणारच. काढा. त्याचा 894 गोलांचा विक्रम 2025मध्ये मोडणारा ओव्हेचकिन 17 सप्टेंबरचा आहे. एका नावाने काही सिद्ध होत नाही, तुमच्याही आणि माझ्याही.

बाकीचे समज थोडक्यात. लहान चणीला जमत नाही? पाच फूट आठ इंचांच्या मार्टिन सेंट लुईला ड्राफ्टमध्ये कुणी घेतलं नाही. 2004 आणि 2013मध्ये एनएचएलमध्ये सर्वाधिक गुण त्याचेच. घोटे कमजोर म्हणून पाय आत वाकतात? आधी बूट मापाचा आहे का आणि नाडी घट्ट आहे का ते तपासा. धार जास्त तितका वेग? पात्याच्या तळाशी दोन कडांमध्ये खोबण असते. ती खोल केली की पकड वाढते आणि घसरण कमी होते. बाराही महिने हॉकीच हवी? ग्रेट्झ्की उन्हाळ्यात बेसबॉल आणि लॅक्रॉस खेळायचा.

तेव्हा निवड हुकलेल्या पोराला बर्फावरून उतरवू नका. पात्याच्या कडेवर वळणं, उलटं घसरणं, दोन्ही बाजूंना थांबणं त्याला शांतपणे शिकू द्या. आणि यादी लागली की रडण्याआधी तिच्यातले जन्ममहिने मोजा.