कुलूप आणि किल्ली

जपानच्या कॅपकॉम कंपनीनें १९९३ सालीं नाणें टाकून खेळावयाच्या यंत्रांसाठीं ‘सीपीएस-२’ ही रचना बाजारांत आणली. नक्कल होऊं नये म्हणून खेळाच्या आज्ञा गूढ लिपींत लिहिलेल्या असत; ती उलगडणारी किल्ली यंत्राच्या स्मृतींत बॅटरीच्या आधारें टिके. बॅटरी संपली कीं किल्ली पुसली जाई आणि यंत्र धडधाकट असूनहि खेळ मुका होई. चोरासाठीं घातलेलें कुलूप धन्यालाच बाधे! २००१ सालीं हौशी अभ्यासकांनीं चालू यंत्राकडूनच आज्ञांचा उलगडा वदवून घेतला; २००७ सालीं गूढलेखनाची रीतच उकलली. म्हणून ते खेळ आज साध्या संगणकावरहि चालतात. कुलूप करणाऱ्यानें किल्लीच्या आयुष्याचाहि विचार करावयास नको काय?