गुटी कलम : कमी भांडवलाचा घरगुती जोडधंदा

सोलापूर आणि मालेगाव ही शहरे मागाच्या खडखडाटावर जगणारी म्हणून आपल्याला ठाऊक आहेत. पण शहराची हद्द ओलांडून पुढे गेले की दोन्हीकडे डाळिंबाच्या बागा लागतात. तिकडे सांगोला आणि पंढरपूर, इकडे सटाणा आणि देवळा. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तसेच सोलापूरच्या डाळिंबालाही आहे. या बागांतील बहुतेक झाडे बी पेरून झालेली नाहीत. ती गुटी कलमाने तयार केलेली आहेत.

गुटी बांधणे हे हाताचे काम आहे. त्याला धारदार चाकू, ओले शेवाळ, प्लॅस्टिकचा कागद आणि सुतळी एवढे सामान पुरते. वीज लागत नाही, यंत्र लागत नाही, मोठे शेडही लागत नाही. ज्या बोटांना तुटलेला धागा जोडण्याची आणि बारीक गाठ मारण्याची सवय आहे त्यांना हे हुनर शिकायला वेळ लागत नाही. मंदीत माग थांबले की कारागिराच्या घरात फुरसत असते, पैसा नसतो. अशा वेळी घरातील माणसांना करता येईल असा हा जोडधंदा आहे. मात्र त्यात एक मोठी जबाबदारी आहे. ती समजल्याशिवाय कोणी यात पडू नये.

बी पेरून का चालत नाही?

डाळिंबाचे बी पेरले तर झाड येते, पण ते आईसारखे येईलच असे नाही. फळ लहान निघेल, दाणा कडक निघेल, रंग फिका पडेल. गुटीचे तसे नाही. गुटी म्हणजे त्याच झाडाची फांदी. तिला झाडावरच मुळ्या फोडायच्या आणि मग कापून वेगळी लावायची. आईचे जे गुण ते तिचे गुण.

पुण्याच्या गणेशखिंड फळबागेत डॉ. चिमा यांनी १९३६ साली आळंदी जातीच्या डाळिंबातून एक चांगला वाण निवडला. १९७० साली त्याला ‘गणेश’ हे नाव मिळाले. अशी एकेका झाडाची निवड होते आणि कलमांच्या जोरावर ती गावोगाव पोहोचते. आज ज्याला जास्त मागणी आहे त्या ‘भगवा’ वाणातही गणेशचा अंश आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने तो तयार केला.

गुटीने येणारी झाडे आणखीही आहेत. लिंबू, पेरू, जाम, जास्वंद, रबराचे शोभेचे झाड. बिहारमधील मुजफ्फरपूरच्या लिचीच्या बागाही गुटीवरच वाढलेल्या आहेत. आंब्याला मात्र गुटीचा उपयोग होत नाही असेच धरावे. त्याची कोय कलमे किंवा भेट कलमे करतात.

मुळ्या कशा फुटतात?

झाडाच्या आतल्या लाकडातून पाणी वर चढते आणि पानांनी तयार केलेले अन्न सालीतून खाली उतरते. फांदीवरची साल गोल काढून टाकली की पाणी वर जात राहते, म्हणून फांदी सुकत नाही. पण खाली उतरणारे अन्न आणि वाढीचा रस कापलेल्या जागेच्या वरच्या कडेला अडतो. तेथे अंधार आणि ओल मिळाली की त्याच कडेतून मुळ्या फुटतात. पूर्वी लोक माती आणि शेण लावून वर तागाचे फडके गुंडाळत आणि पाणी झिरपण्यासाठी वर मडके टांगत. प्लॅस्टिकचा कागद आल्यापासून मडक्याची गरज उरली नाही. आतली ओल आतच राहते.

बांधण्याची रीत

हंगाम पावसाळ्याचा. जून ते सप्टेंबर या काळात हवेत ओलावा असतो आणि मुळ्या चांगल्या फुटतात.

१. साधारण एक वर्षाची, पेन्सिलीएवढ्या जाडीची, सरळ आणि निरोगी फांदी निवडावी. टोकापासून दीड ते दोन फूट मागे जागा धरावी. तेथील पाने आणि काटे काढावेत.

२. डोळ्याच्या लगेच खाली सुमारे एक इंच रुंदीची साल गोल काढावी. आतला बुळबुळीत थर चाकूच्या बोथट कडेने खरवडावा. तो राहिला तर साल पुन्हा जुळते आणि मुळ्या येत नाहीत. मात्र लाकडाला जखम करू नये.

३. वरच्या कडेला मुळ्या फोडणारे औषध लावावे. त्याला आयबीए म्हणतात. डाळिंबासाठी त्याचे प्रमाण १,५०० ते २,५०० पीपीएम ठेवतात. म्हणजे एका किलो भुकटीत फक्त दीड ते अडीच ग्रॅम औषध. औषध जास्त झाले तर फायदा होत नाही, उलट साल जळते.

४. शेवाळ पाण्यात भिजवून घट्ट पिळावे. मुठीत दाबल्यावर थेंब पडता कामा नये. जादा पाण्याने साल कुजते. मूठभर शेवाळ कापलेल्या जागेभोवती बसवून वर प्लॅस्टिक कागद गुंडाळावा आणि दोन्ही टोके सुतळीने आवळावीत. खरे हुनर याच गाठीत आहे. वरची गाठ सैल राहिली तर पावसाचे पाणी आत शिरते, खालची सैल राहिली तर ओल उडून जाते.

महिनाभरात कागदातून पांढऱ्या मुळ्या दिसू लागतात. त्या दिसल्या की लगेच कापू नये. दीड ते दोन महिन्यांनी मुळ्या भरपूर होऊन तपकिरी झाल्या की गुटीच्या खालच्या बाजूला आधी थोडा काप द्यावा. आठ दिवसांनी तो खोल करावा आणि मग फांदी वेगळी करावी. असे केल्याने फांदीला आईवाचून जगण्याची सवय लागते.

पिशवीतले दोन महिने

बरीच गुटी झाडावर मरत नाही, पिशवीत मरते. मुळ्या कोवळ्या आणि पाने जास्त असतील तर पाणी पुरत नाही. म्हणून निम्मी पाने छाटावीत. कागद हळूच सोडावा, शेवाळाचा गोळा मोडू नये. पोयटा माती, वाळू आणि कुजलेले शेणखत भरलेल्या पिशवीत गुटी लावून सावलीत ठेवावी. नवी पालवी येऊन ती पक्की झाली की हळूहळू उन्हात आणावी. याला दीड-दोन महिने लागतात. गुटीला सोटमूळ नसते. म्हणून शेतात लावल्यावर तिला काठीचा आधार द्यावा लागतो, हेही गिऱ्हाइकाला सांगावे.

खरी परीक्षा आईच्या झाडाची

कापडाचा रंग पक्का की कच्चा हे पहिल्या धुण्यात कळते. गुटीचा माल पक्का की कच्चा हे कळायला दोन-तीन वर्षे लागतात. शेतकरी पैसे आज मोजतो, खड्डे खणतो, ठिबक टाकतो, खत घालतो आणि पहिला बहार धरल्यावर त्याला समजते की काय घेतले. तोपर्यंत विकणारा विसरूनही गेलेला असतो.

गुटी आईचे गुण घेते तसे आईचे रोगही घेते. २००० नंतरच्या दशकात तेल्या रोगाने महाराष्ट्रातील कितीतरी बागा बसल्या. हा जिवाणूचा रोग आहे. पानांवर तेलकट डाग येतात, फळावर काळे डाग पडून ते तडकते, खोडावर काळपट चट्टे पडून फांदी तेथेच मोडते. जिवाणू त्या चट्ट्यांत टिकून राहतो. अशा झाडाची फांदी बाहेरून हिरवीगार दिसली तरी तिची गुटी म्हणजे पिशवीत भरून विकलेला रोगच. मर रोगाची बागही तशीच टाळावी, कारण तो माती आणि रोपांबरोबर पुढे जातो.

म्हणून फांद्या घेताना बाग स्वतः फिरून पाहावी, तीही फळे लागलेली असताना. ज्या बागेत तेल्याचे एकही झाड दिसेल ती बाग सोडावी. स्वस्तात मिळते म्हणून रोगट बागेच्या छाटणीतील फांद्या आणू नयेत. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाताना चाकू जंतुनाशकात बुडवावा. एका झाडावर खूप गुट्या बांधून त्याला दमवू नये. मालातला ऐब गिऱ्हाइकाला आधी सांगणे हा तिजारतीचा जुना नियम आहे. येथे तर ऐब गिऱ्हाइकाला दिसतच नाही. सगळा व्यवहार विकणाऱ्याच्या शब्दावर चालतो.

परवाना आणि हिशेब

घरच्या अंगणासाठी चार गुट्या बांधायला कोणाला विचारावे लागत नाही. विक्री करायची असेल तर महाराष्ट्रात फळरोपवाटिकांसाठी १९६९ चा कायदा आहे आणि कृषी विभागाचा परवाना लागतो. पहिल्या वर्षी दुसरा मार्गही आहे. परवाना असलेल्या रोपवाटिकेसाठी नगावर मजुरीने गुटी बांधावी. हात बसतो आणि पदरचे पैसे अडकत नाहीत.

हिशेब बांधलेल्या गुट्यांवर करू नये, पिशवीत जगलेल्या रोपांवर करावा. समजा १०० बांधल्या, ८० ना मुळ्या आल्या आणि पिशवीत ६५ जगल्या. तर १०० चा सगळा खर्च त्या ६५ वर चढतो. सामान, फांदीचे पैसे, पिशवी, माती, पाणी आणि घरातील माणसांची मजुरीसुद्धा धरावी. घरची मेहनत फुकट समजून भाव पाडणारा दुकानदार फार दिवस टिकत नाही.

सुरुवात लहान करावी. या पावसाळ्यात ओळखीच्या बागेत २०–२५ गुट्या बांधून पाहाव्यात. कोणती गुटी कोणत्या बागेतील, कोणत्या झाडाची, कोणत्या तारखेची, हे वहीत लिहून पिशवीला चिठ्ठी बांधावी. सोलापूरला २००५ साली राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सुरू झाले आहे. तेथे किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन एकदा प्रत्यक्ष काम पाहावे. तीन वर्षांनी शेतकरी परत आला आणि त्याने विचारले, ‘हे रोप कोणत्या झाडाचे?’ तर वही उघडून दाखवता आली पाहिजे.