ड्यूकच्या जहागिरीतील अश्वपरीक्षा

इंग्लंडच्या ग्लॉस्टरशर परगण्यात ब्यूफर्टच्या ड्यूक घराण्याची बॅडमिंटन नावाची पिढीजात जहागीर आहे. एकोणिसाव्या शतकात ज्या खेळाचे नियम पुण्याच्या छावणीतील गोऱ्या अधिकाऱ्यांनी बांधले, त्याला नाव मिळाले ते इथल्याच वाड्यावरून. परंतु मे महिन्याच्या प्रारंभी या वाड्याभोवती जी गर्दी लोटते ती रॅकेट आणि फुलासाठी नव्हे, घोड्यांसाठी. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ब्रिटिश घोडेस्वारांची झालेली दैना दहाव्या ड्यूकने स्वतः पाहिली, आणि आपल्या स्वारांना कस लावणारे मैदान घरीच मिळावे या हेतूने त्याने आपले विस्तीर्ण उपवन मोकळे करून दिले. १९४९ साली २२ घोड्यांनिशी सुरू झालेली ही स्पर्धा आज सर्वोच्च, म्हणजे पंचतारांकित, दर्जाची गणली जाते. मात्र हा शब्द ऐकून कोणी उंची पादत्राणे घालून जाऊ नये, कारण तेथील चिखलापुढे गुडघ्यापर्यंतच्या रबरी बुटांखेरीज कशाचाही निभाव लागत नाही, आणि २०१२ साली तर जमीन इतकी भिजली की स्पर्धाच रद्द करावी लागली.

या प्रकाराचे मूळ रिसाल्यात आहे. संचलनात जो घोडा शोभावा, त्यानेच दुसऱ्या दिवशी ओढे-कुंपणे ओलांडीत रानोमाळ दौडावे आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा कामावर रुजू व्हावे, अशी ती लष्करी अपेक्षा. तिचेच आज ड्रेसाज, क्रॉस-कंट्री आणि शो जंपिंग असे तीन भाग झाले आहेत. तिन्हींतले दंडगुण एकत्र मोजतात व ज्याचे सर्वांत कमी तो जिंकतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये आपल्या फवाद मिर्झाने ड्रेसाजमध्ये अवघे २८.०० दंडगुण घेऊनही अखेरीस तेविसावा क्रमांक मिळवला, यावरून पुढचे दोन भाग किती निर्णायक असतात ते दिसते. गुरुवारी व शुक्रवारी चालणारे ड्रेसाज अतिशय नजाकतीचे असले, तरी ज्याला घोड्याच्या चालींची नजर नाही त्याने तेथे फार वेळ दवडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा त्याने शनिवारचा क्रॉस-कंट्रीचा मार्ग आधीच पायी फिरून पाहावा, कारण तशी मुभा प्रेक्षकांनाही असते.

सुमारे ६.५ किलोमीटरांचा हा मार्ग ११ मिनिटांहून थोड्या अधिक वेळात कापावयाचा असतो. एखाद्या घडीव ओंडक्यापाशी उभे राहिले, की मिनिटाला ५७० मीटर वेगाने येणाऱ्या स्वाराला किती अल्प अवधीत निर्णय घ्यावा लागत असेल, हे आपोआप उमगते. पुष्कळ अडथळ्यांना एक सरळ, बिकट वाट असते आणि एक लांबची, सोपी. घोडा एकदा अडला तर २० दंडगुण, त्याच जागी पुन्हा अडला तर ४०, स्वार पडला तर परीक्षाच संपली, आणि लांबच्या वाटेने गेल्यास उशिराच्या दर सेकंदाला ०.४ चा भुर्दंड. शनिवारी शिट्टी वाजली की मार्गावरून ये-जा करणारे लोक दोरामागे सरतात, टापांचा आवाज आधी पायांखाली जाणवतो आणि मग घोडा दिसतो. सर्वाधिक झुंबड तळ्याकाठी असते. कोणीतरी भिजावे ही तेथील पुष्कळांची फारशी न लपवलेली इच्छा मला मुळीच आवडत नाही. पडण्यात घोड्याच्याही जिवाला धोका असतो, म्हणूनच हल्ली ठरावीक दाब येताच दांडा खाली सोडणाऱ्या खिळी अनेक अडथळ्यांना बसवतात. १९९५ साली न्यूझीलंडच्या मार्क टॉडची रिकीब तुटली असता त्याने बर्टी ब्लंट या घोड्यावर मार्गाचा बहुतेक भाग एकाच रिकिबीवर पार केला, आणि पुढच्याच वर्षी त्याच घोड्यासह ही स्पर्धा जिंकली.

तरीही ज्याला एकच प्रसंग पाहावयाचा असेल त्याने, माझ्या मते, रविवारी सकाळी वाड्यासमोरची अश्वतपासणी पाहावी. आदल्या दिवशी घामाने निथळणारे, तंग सैल करून बर्फाच्या पाण्याने शेकडो वेळा पुसलेले तेच घोडे आता खोगिराविना, आयाळीच्या वेण्या घालून येतात. स्वारही ठेवणीतला पोशाख करून लगाम हाती धरून शेजारी चालतो. पंच आणि पशुवैद्य घोड्याभोवती एक फेरी घालतात, मग त्याला दुडक्या चालीने सरळ नेऊन परत आणावयाचे, बस्स. तापीकाठच्या सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा पळवून दाखवल्यावाचून जसा जाणता गिऱ्हाईक पैसे मोजत नाही, तसेच हे पंच टापांच्या ठेक्याकडे कान लावून असतात. दुखरा पुढचा पाय जमिनीला टेकताना घोडा मान वर उचलतो, हे एकदा ध्यानात आले की प्रेक्षकही मनातल्या मनात निकाल देऊ लागतो. ध्वनिक्षेपकावरून स्वीकृतीचा हुकूम सुटला की टाळ्या होतात. शंका असल्यास घोडा बाजूच्या कक्षात जातो, तेथे दुसरा वैद्य त्याचे पाय चाचपतो, आणि पुनश्च आणूनही पाऊल बिघडलेलेच राहिले तर आघाडीवरच्या स्वारालाही सामान बांधावे लागते.

जे उरतात ते त्याच दिवशी रंगीत दांड्यांवरून उड्या घेतात. दांडी पडली की ४ दंडगुण, आणि क्रम उलटा, म्हणजे पहिला स्वार सर्वांत शेवटी, त्यामुळे किती दांड्या पाडण्याची चैन आपल्याला परवडते याचा हिशेब त्याच्याप्रमाणेच गॅलरीलाही पाठ असतो. थकलेला घोडा येथे हमखास पाय ओढतो. ल्यूसिंडा ग्रीन या स्वार स्त्रीने १९७३ ते १९८४ या काळात हा हिशेब सहा वेळा जमवला, आणि तोही सहा निरनिराळ्या घोड्यांवर.