नावाची चौकट : डेस्कटॉप आज्ञावलीसाठी स्वतःचे कंट्रोल घडविताना

प्रस्तावना

संगणक विषयाच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून प्रवेश अर्जाची आज्ञावली करावयास देण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. नाव, गाव, जन्मतारीख यांच्या चौकटी टूलबॉक्समधून ओढून आणावयाच्या, खाली एक बटण ठेवावयाचे आणि मागे डेटाबेस जोडावयाचा. नावे इंग्रजीत भरली जातात तोवर काहीही अडत नाही. आदिलाबाद जिल्ह्यातील वर्गात मात्र तेलुगू, उर्दू, मराठी, गोंडी आणि कोलामी बोलणाऱ्या घरांतील मुले एकाच बाकावर बसतात. नाव आपापल्या लिपीत टंकावयास सांगितले की तयार चौकटीच्या मर्यादा उघड्या पडतात. स्वतःचे कंट्रोल घडविणे शिकवावयाचे ते कशासाठी, याचे उत्तर प्रस्तुत लेखकाच्या मते येथेच आहे. पाठ्यपुस्तके बहुधा गोल बटण किंवा रंगीत घड्याळ यांपासून आरंभ करतात. विद्यार्थ्याला त्यात मौज वाटते, पण गरज कळत नाही.

चूक कोठे होते

नावात अंक येऊ नयेत म्हणून विद्यार्थी सामान्यतः कीप्रेस या घटनेत एक अट लिहितो : आलेले चिन्ह 'इझलेटर'च्या कसोटीला उतरले तर घ्यावे, अन्यथा टाकून द्यावे. ही अट लावून 'शिरीन' टंकून पाहावे. चौकटीत 'शरन' उमटते. 'उत्नूर'चे 'उतनर' होते. कारण साधे आहे. युनिकोडच्या वर्गवारीत वेलांटी, उकार आणि पाय मोडण्याचे चिन्ह ही 'अक्षर' नसून 'जोडचिन्ह' या वर्गात मोडतात. तेलुगूची गुणितचिन्हे आणि उर्दूचे जेर-जबरही त्याच वर्गातले. उर्दूत जेर-जबर नित्य लिहिले जात नसल्याने तेथे ही चूक झाकली जाते, एवढेच. गंमत अशी की याच अटीमुळे बॅकस्पेसही चालेनासा होतो, आणि उजव्या क्लिकने चिकटविलेला मजकूर मात्र हा पहारा चुकवून सरळ आत येतो. प्रत्येक कळीवर पहारा ठेवण्याऐवजी चौकटीत जमा झालेला संपूर्ण मजकूर तपासणे श्रेयस्कर, हा पहिला धडा यातून मिळतो.

गोंडीचा प्रश्न याहून खोल आहे. जिल्ह्यातील नारनूर मंडळात गुंजाला हे गाव आहे. तेथे सापडलेल्या जुन्या हस्तलिखितांमुळे गोंडीची एक स्वतंत्र लिपी अभ्यासकांसमोर आली. हैदराबाद विद्यापीठाचे प्रा. जयधीर तिरुमल राव यांनी तिच्या अभ्यासासाठी पुढाकार घेतला. गावाच्या नावावरून 'गुंजाला गोंडी' म्हणून ओळखली जाणारी ही लिपी जून २०१८ मध्ये युनिकोडच्या ११.० या आवृत्तीत समाविष्ट झाली. तिला ६३ संकेत मिळाले. (मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये तयार केलेली मसराम गोंडी ही वेगळी लिपी. ती २०१७ च्या १०.० या आवृत्तीत आली.)

हे संकेत पहिल्या ६५,५३६ स्थानांच्या पलीकडचे आहेत. विंडोज व डॉट नेट ज्या १६ बिटांच्या पद्धतीने मजकूर साठवितात तिच्यात या लिपीचे प्रत्येक चिन्ह दोन तुकड्यांनी बनते. कीप्रेस घटना एका चिन्हासाठी दोनदा येते, प्रत्येक वेळी अर्धे चिन्ह घेऊन. अर्धे चिन्ह कोणत्याच कसोटीत 'अक्षर' ठरत नाही. म्हणजे वरील अट असलेल्या चौकटीत गोंडी मुलाला स्वतःच्या नावाचे एकही अक्षर उमटविता येत नाही. यंत्रात फाँट आहे, कळफलकाची सोय आहे, तरीही चौकट कोरीच राहते. मुलाचा समज होतो की संगणकाला आपली लिपी येत नाही. वस्तुतः दोष दोन ओळींच्या अटीत असतो.

तीन मार्ग

विंडोज फॉर्म्समध्ये स्वतःचे कंट्रोल करण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला, तयार कंट्रोल एकत्र बांधून 'युझरकंट्रोल' करणे. दुसरा, तयार कंट्रोलचा वारसा घेऊन त्याच्या वागणुकीत भर घालणे. तिसरा, मूळ 'कंट्रोल' या वर्गापासून आरंभ करून सर्व काही स्वतः रेखाटणे. व्हिज्युअल बेसिकमध्ये ही सोय १९९७ च्या पाचव्या आवृत्तीत ॲक्टिव्हएक्सच्या रूपाने आली होती. डॉट नेटमध्ये ती २००२ पासून आहे.

नावाच्या चौकटीसाठी दुसरा मार्ग पुरेसा आहे. टेक्स्टबॉक्सचा वारसा घेऊन 'नामचौकट' असा वर्ग करावा आणि 'ऑनव्हॅलिडेटिंग'मध्ये मजकूर तपासावा. तपासताना एकेक तुकडा न घेता, जोडतुकडे ओळखणारी 'गेटयुनिकोडकॅटेगरी' वापरावी. तिला संपूर्ण मजकूर आणि स्थान असे दोन्ही द्यावे लागते. अक्षर, जोडचिन्ह, मोकळी जागा, टिंब आणि न दिसणारी जोडणी-तोडणीची चिन्हे यांना प्रवेश द्यावा. आज्ञावली २०१८ पूर्वीच्या अक्षरतक्त्यावर चालत असेल तर गुंजाला गोंडीचे संकेत तेथे 'अनियुक्त' म्हणून येतात. अशा वेळी त्यांचा पट्टा नाव घेऊन मान्य करावा लागतो.

लांबीचा हिशेबही चौकटीनेच सांभाळावा. 'उत्नूर' डोळ्यांना तीन अक्षरांचे दिसते, 'लेंग्थ' मात्र ६ सांगते. 'स्ट्रिंगइन्फो' जुन्या नियमाने ४ मोजते. युनिकोडने २०२३ च्या १५.१ या आवृत्तीत देवनागरी, तेलुगू आदी लिपींच्या जोडाक्षरांसाठी नियम बदलल्यानंतर तेच उत्तर ३ होते. 'मॅक्सलेंग्थ' २० ठेवली तर इंग्रजी नावाला २० अक्षरे मिळतात आणि गुंजाला गोंडीला केवळ १० चिन्हे. म्हणून नामचौकटीला 'कमाल अक्षरे' हा स्वतःचा गुणधर्म द्यावा. त्याला कॅटेगरी व डिस्क्रिप्शन जोडले की तो गुणधर्मांच्या खिडकीत आपल्या गटात, वर्णनासह दिसू लागतो. आपण लिहिलेली वस्तू तयार वस्तूंच्या रांगेत बसलेली पाहून विद्यार्थ्याला होणारा आनंद अध्यापकांनी अवश्य पाहावा.

उर्दूसाठी 'राइटटूलेफ्ट' हा गुणधर्म आहेच. तो लावल्यावर 'डावीकडे' ठेवलेला मजकूर उजवीकडे जातो. हे ठाऊक नसल्यास विद्यार्थी संरेखनही उलटवितो आणि मजकूर पुन्हा डावीकडे येऊन बसतो.

रेखाटनाचा मार्ग

तिसरा मार्ग शिकवावा, पण चौकटीसाठी नव्हे. कर्सर, निवड, चिकटविणे, कळफलकाशी बोलणे हे सर्व नव्याने लिहिणे एका सत्राचे काम नाही. नुसता ओळखपत्राचा नमुना दाखविणारे कंट्रोल त्यासाठी योग्य. त्यात वारंवार दिसणारी चूक अशी की विद्यार्थी 'क्रिएटग्राफिक्स' घेऊन बटणाच्या क्लिकमध्येच चित्र काढतो आणि खिडकी लहान करून पुन्हा उघडली की चित्र नाहीसे होते. रेखाटन 'ऑनपेंट'मध्येच हवे. माहिती बदलली की 'इनव्हॅलिडेट' म्हणून खिडकीला कळवावे, बाकी ती पाहते. मजकुरासाठी २००५ साली आलेला 'टेक्स्टरेंडरर' वापरावा, आपल्या लिपींना तो अधिक मानवतो. लुकलुक थांबविण्यास 'डबलबफर्ड' आहे. तसेच स्वतः रेखाटलेले कंट्रोल एनव्हीडीए सारख्या पडदावाचकाला आपोआप कळत नाही. 'ॲक्सेसिबलनेम' भरल्याखेरीज दृष्टिहीन विद्यार्थ्यासाठी तेथे काहीच नसते.

चाचणीसाठी वर्गाचा हजेरीपट घ्यावा. प्रत्येकाने आपले नाव आपल्या लिपीत टंकावे, मधले एक अक्षर बॅकस्पेसने खोडावे, पुन्हा लिहावे, साठवावे आणि डेटाबेसमधून परत काढून पाहावे. जे नाव मोडून परत येईल, त्या नावापासून पुढच्या तासाला आरंभ करावा.