शिक्षकांस विचारणाऱ्या बाई

शिक्षणसुधारणा म्हणजे वरिष्ठांनीं हुकूम सोडावा व शिक्षकांनीं तो मुकाट्यानें पाळावा, अशीच बहुधा समजूत असते. अमेरिकेंतील शिकागो शहरीं एला फ्लॅग यंग या बाईंनीं ती रीत उलटविली. १८६२ सालीं त्या साध्या शिक्षिका झाल्या, १८८७ त साहाय्यक सुपरिंटेंडेंट. पण अभ्यासक्रम ठरवितांना वर्गांत उभें राहणाऱ्याला कोणी विचारीत नाहीं, हें त्यांना सलत असे. १८९९ त त्यांनीं जागा सोडली आणि जॉन ड्यूई यांच्या हाताखालीं याच प्रश्नावर प्रबंध लिहून १९०० सालीं डॉक्टरेट मिळविली. वय तेव्हां पंचावन्न!

१९०९ सालीं सबंध शहराच्या शाळांचीं सूत्रें त्यांच्या हातीं आलीं. एवढ्या मोठ्या नगरांत हा मान स्त्रीला प्रथमच लाभला. त्यांचा उपाय साधा : शिक्षकांचीं मंडळें भरवावयाचीं आणि तेथें प्रत्येकानें निर्भयपणें बोलावयाचें. वरच्या मंडळाच्या कांहीं सभासदांशीं मात्र त्यांचे खटके उडत. १९१३ च्या डिसेंबरांत त्यांच्या जागीं दुसऱ्याची निवड झाली. इलिनॉय राज्यांत स्त्रियांना त्याच वर्षीं कांहीं मताधिकार मिळाला होता. शहरांतील स्त्रिया खवळून उठल्या, सभा झाल्या, आणि थोड्याच दिवसांत बाई पुन्हा आपल्या खुर्चीवर येऊन बसल्या. १९१५ पर्यंत त्या तेथें होत्या.