पिल्लांच्या उबेसाठी थर्मोस्टॅट घेताना



गळिताचा हंगाम रंगात येतो तेव्हाच थंडीही जोर धरते. याच दिवसांत आपल्याकडे बऱ्याच घरी गिरिराज, वनराज अशा जातींची पन्नास-शंभर पिल्ले आणून परसात वाढवली जातात. एक दिवसाच्या पिल्लाच्या अंगावर पिसे नसतात, नुसती लव असते. कोंबडी नसली की ऊब आपणच द्यायची. त्यासाठी बल्ब लावायचा आणि रात्री दोनदा उठून तो चालू-बंद करायचा, ही आजवरची रीत. आता प्लगमध्ये नुसता खोचायचा तयार थर्मोस्टॅट मिळतो. गट ऑफिसात ऊसनोंदीला येणारे सभासद विचारतात, "यातला कुठला घ्यावा?" म्हणून ही थोडी माहिती देत आहोत.

यंत्र करते काय?

थर्मोस्टॅट स्वतः ऊब देत नाही. तो फक्त बटण दाबणारा गडी आहे. त्याला एक वायर असते आणि वायरीच्या टोकाला सेन्सर. तिथले तापमान ठरवलेल्या आकड्याखाली गेले की तो बल्ब लावतो, वर गेले की बंद करतो. एवढेच त्याचे काम. सेन्सर जिथे असेल तिथलेच त्याला कळते, पिल्लांचे काय चालले आहे ते कळत नाही. ही गोष्ट मनात पक्की धरावी; पुढचे सगळे यावरच आहे.

घेताना काय बघावे?

पहिली गोष्ट, व्होल्ट आणि अँपिअर. आपल्याकडची वीज २३० व्होल्टची. काही डब्या ११० व्होल्टच्या देशांसाठी किंवा १२ व्होल्टच्या बॅटरीसाठी केलेल्या असतात. त्या आपल्या घरात चालणार नाहीत. मग आपल्या बल्बचे किंवा हीटरचे वॅट घ्या आणि २३० ने भागा. २५० वॅटच्या दिव्याला साधारण १.१ अँपिअर लागतात, २००० वॅटच्या खोलीच्या हीटरला ८.७. डबीवर १० अँपिअर छापले असले तरी तिच्याकडून रात्रभर तेवढे काम घेऊ नये. निम्म्यावर ठेवावे हे उत्तम. कारण तारेचा बल्ब थंड असताना लावला की पहिल्या क्षणी नेहमीच्या दहापट वीज ओढतो. त्या धक्क्याने आतल्या रिलेचे टोक जळत जाते आणि एक दिवस ते चिकटून बसते. मग बल्ब बंदच होत नाही. मोठा हीटर साध्या लहान प्लगवर कधीही लावू नये. त्याला १५-१६ अँपिअरचा पॉवर पॉइंट आणि अर्थिंग हवेच.

दुसरी गोष्ट, चालू आणि बंद यांतला फरक. ३४ वर चालू आणि ३५ वर बंद, असा एक अंशाचा फरक पिल्लांना ठीक. फरक फारच कमी ठेवला तर रिले सारखा टकटक करून लवकर जातो. चार-पाच अंश ठेवला तर पिल्ले कधी गारठतात, कधी तापतात. काही यंत्रांत चालूचा आणि बंदचा असे दोन आकडे भरावे लागतात. ते उलटे भरले तर यंत्र थंड करायचे आहे असे समजते, आणि गरम झाल्यावर बल्ब लावते! तेव्हा आकडे भरून झाल्यावर सेन्सर मुठीत धरून बघा. आकडा वर चढला की बल्ब विझला पाहिजे.

तिसरी गोष्ट, वीज जाऊन आल्यावर काय होते? दुकानातच प्लग काढून पुन्हा लावायला सांगा. भरलेले आकडे तसेच राहिले तरच यंत्र घ्या. खोलीचा हीटर जोडणार असाल तर आणखी एक बघा. ज्या हीटरला दर वेळी बोटाने बटण दाबून चालू करावे लागते, तो थर्मोस्टॅटने आपोआप चालू होत नाही. फिरवायच्या बटणाचा साधा हीटर हवा.

चौथी गोष्ट, सेन्सरची वायर तुटली किंवा निघाली तर? चांगले यंत्र चूक दाखवते आणि बल्ब बंद करते. हेही दुकानातच करून बघावे.

आमच्याकडे काय झाले

दोन हिवाळ्यांपूर्वी आम्ही ६० पिल्ले आणली. थर्मोस्टॅट आहे म्हणजे आता काळजी नाही, अशी आमची समजूत. पत्र्याची पेटी चहूबाजूंनी बंद केली आणि जास्त असलेले बरे म्हणून २०० वॅटचे दोन बल्ब लावले. सहाव्या दिवशी संध्याकाळी पाण्याचे भांडे धुवायला काढताना सेन्सर बाहेर आला आणि पेटीच्या बाहेरच लोंबत राहिला. रात्री कडाक्याची थंडी. सेन्सरला थंडी लागत होती, यंत्र इमानाने बल्ब चालू ठेवत होते आणि आत भट्टी झाली होती. सकाळी झाकण उघडले तेव्हा २२ पिल्ले गेलेली. बाकीची कोपऱ्यात चोची उघडून धापा टाकत होती. घरातली पोरं दिवसभर जेवली नाहीत. यंत्राला दोष देता येईना, कारण यंत्र बिघडलेच नव्हते. चूक आमची होती.

आता आम्ही काय करतो

बल्ब बेताचे. पिल्लामागे २ वॅट हा सर्वसाधारण हिशेब. ६० पिल्लांना १२० वॅट, म्हणजे ६० वॅटचे दोन बल्ब. ते रात्रभर चालू राहिले तरी घात होऊ नये, अशा बेताने जागा ठेवायची. एक सांगून ठेवतो, एलईडी बल्ब यासाठी चालत नाही. तो उजेड देतो, ऊब फारशी देत नाही.

पेटी बंद नको. पुठ्ठ्याचे किंवा पत्र्याचे गोल कडे करावे, वरून मोकळे. पिल्लाला उबेत येता आले पाहिजे आणि नको झाल्यावर दूरही जाता आले पाहिजे.

सेन्सर पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर, म्हणजे भुशापासून दोन-तीन इंच वर, उबेच्या कडेला घट्ट बांधावा. थेट बल्बखाली बांधला तर तो स्वतःच तापून चुकीचा आकडा देतो. शेजारी साधा काचेचा तापमापक ठेवून दोन्ही आकडे ताडून बघावेत.

बल्ब साखळीने किंवा तारेने टांगावा, नुसत्या वायरीवर नको. २५० वॅटचा दिवा भुशापासून निदान दीड फूट वर हवा. भुसा पेटायला वेळ लागत नाही.

शिवाय एका थर्मोस्टॅटमध्ये दुसरा खोचला आहे. त्याचा सेन्सर वेगळा बांधला असून तो ३८ अंशांना वीज तोडतो. पहिल्याचा रिले चिकटला किंवा सेन्सर निसटला, तरी दुसरा जागा असतो.

पहिल्या आठवड्यात ३५ अंश ठेवून पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी करत जावे. पण आकड्यापेक्षा पिल्लांकडे बघा. बल्बखाली एकमेकांवर चढून चिवचिवाट करतात तर थंडी आहे. कडेला पळून चोच उघडतात तर उष्मा आहे. सगळीकडे पसरून खातात-पितात, निवांत झोपतात, तर सगळे ठीक.

वीज गेली तर मात्र कुठलाच थर्मोस्टॅट कामाचा नाही. कड्यावर हवा खेळेल असे गोणपाट टाकावे आणि गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून आत ठेवाव्यात. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नये. तिचा धूर दिसत नसला तरी विषारी वायू माणसालाही मारतो.

थोडक्यात, थर्मोस्टॅट जरूर घ्यावा, त्याने झोपमोड वाचते. पण झोपण्यापूर्वी एकदा कंदील किंवा बॅटरी घेऊन पिल्लांपाशी जावे आणि सेन्सर जागेवर आहे ना, हे हात लावून बघावे. आमच्या घरी आता हे काम पोरांनीच अंगावर घेतले आहे.

सभासदांनी आपापले अनुभव गट ऑफिसात जरूर कळवावेत.