व्हेरोनाचे वैर आणि गावाची तंटामुक्ती

शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ या शोकांतिकेत मॉन्टेग्यू आणि कॅप्युलेट घराण्यांच्या वैराचे मूळ कारण कोठेच सांगितलेले नाही, आणि संघर्ष समजून घेणाऱ्या वाचकासाठी हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. कारण विसरले गेले तरी भूमिका, म्हणजे दोन्ही पक्षांनी उघडपणे धरून ठेवलेला हट्ट, टिकून राहते आणि तिच्यामागचे हित, म्हणजे त्यांना खरोखर हवे असलेले, दिसेनासे होते. नाटक घडते त्या व्हेरोना शहराचा अधिपती दोन्ही कुटुंबप्रमुखांना वेगवेगळे बोलावतो खरे, परंतु त्याआधीच देहदंडाची धमकी देतो. धमकीने हात थांबतात, मन वळत नाही. धर्मगुरू लॉरेन्सला रोमिओ-ज्युलिएटच्या विवाहातून समेट साधायचा असतो, पण ज्यांचे मन वळवायचे त्या वडीलधाऱ्यांपासूनच तो विवाह लपवतो, आणि ही चूक साथीमुळे रोमिओपर्यंत न पोहोचलेल्या त्याच्या पत्राहूनही घातक आहे.

महाराष्ट्रात 15 ऑगस्ट 2007 रोजी सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेची रचना या दोन्ही मार्गांच्या नेमकी उलट होती. या मोहिमेत ग्रामसभेने निवडलेल्या समितीला शिक्षेचा अधिकार नव्हता. बांधाचा, वाटणीचा किंवा कायद्याने तडजोडीस मुभा दिलेला अन्य वाद दोन्ही पक्षांना समोरासमोर बसवून त्यांच्या संमतीने मिटवणे, हे तिचे मुख्य काम होते. अनेक गावांत अशा समित्यांनी दोन्ही घरांची समजूत घालून प्रेमविवाहही चारचौघांत लावून दिले.